आधी नदीचा वाटा, मग ताटाचा

दिवाळीच्या अंकात फराळ सोडून मासळीची गोष्ट काढली म्हणून शाकाहारी वाचकांनी पान उलटू नये. गोष्ट खाण्याची आहे खरी. पण त्याहून अधिक ती राखण्याची आहे.

आपल्याकडच्या हॉटेलांतून रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणायची रीत आहे. रावस चवीला कितीही थोर असो, सॅमनचा तो ना भाऊ, ना भाचा. नाव मिळालं, गोत्र मिळालं नाही! खरा सॅमन थंड मुलखातला. त्याचा जन्म डोंगरातल्या गोड्या ओढ्यात, तारुण्य खाऱ्या समुद्रात, आणि अंडी घालायची वेळ आली की परत त्याच जन्माच्या ओढ्यात. बाळंतपणाला माहेरी जावं तसं! हजारो मैलांवरून वाट सापडते कशी? विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या आर्थर हॅस्लर यांनी १९५१ साली मांडलं, की मासा आपल्या ओढ्याच्या पाण्याचा वास लहानपणापासून ध्यानात ठेवतो. पॅसिफिककडचे चिनूक, सॉकाय, कोहो, पिंक आणि चम हे पाचही सॅमन अंडी घालून झाली की तिथेच देह ठेवतात. त्या देहावर अस्वलं पोसतात, आणि उरलेल्याचं खत काठच्या झाडांच्या मुळांना मिळतं. एक मासा मरतो आणि अख्खं रान जेवतं.

गेल्या वर्षी मी पुतणीकडे सिएटलला होते. तिथे बॅलार्ड लॉक्स नावाच्या ठिकाणी समुद्र आणि गोडं पाणी यांच्यामध्ये माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांचा जिना बांधला आहे. त्याला काचेच्या खिडक्या आहेत. भलेथोरले सॅमन पाण्याच्या लोंढ्याशी झुंजत एकेक पायरी चढत होते आणि शाळेची मुलं नाक काचेला लावून पाहत होती. येताना आम्ही बाजारात गेलो. एकाच बर्फावर दोन सॅमन मांडलेले. एकावर ‘रानचा’ अशी चिठ्ठी, दुसऱ्यावर ‘पाळलेला’. रानच्याची किंमत जवळजवळ दुप्पट.

पुतणी म्हणाली, “काकू, ताटात पडल्यावर कळतंय कुणाला? दोन मुलांच्या शाळा, घराचा हप्ता, त्यात हा दुप्पट भाव!”

प्रश्न रास्त होता. घर चालवणाऱ्या बाईला नुसता उपदेश करून भागत नाही. म्हणून नीट चौकशी केली, ती इथे मांडते.

बाजारातला ॲटलांटिक सॅमन बहुधा पाळलेलाच असतो. समुद्रात जाळ्यांचे मोठाले पिंजरे सोडून त्यांत तो वाढवतात. काही शेतं चांगली चालतात, नाही असं नाही. पण दाटीवाटीत माशांना उवा होतात आणि त्या बाहेरून जाणाऱ्या रानच्या पिल्लांना लागतात. पिंजरा फुटला तर पाहुणे घरात शिरतात. २०१७ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन राज्यात असा पिंजरा मोडून दोन लाखांवर मासे सुटले. पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने ॲटलांटिक सॅमनची पिंजऱ्यातली शेती आवरती घेण्याचा कायदा केला.

मग रानचा मासा खाल्ला तर तो संपणार नाही का? माझ्याही मनात हेच आलं. उत्तर अलास्काने दिलं आहे. तिथे पूर्वी मोठमोठे सापळे लावून नदीच्या तोंडाशीच मासे उचलत. १९५३ साली हालत अशी झाली, की केंद्र सरकारला तिथली मासेमारी आपद्ग्रस्त म्हणून जाहीर करावी लागली. १९५९ मध्ये अलास्काला राज्याचा दर्जा मिळाला, सापळे बंद झाले, आणि मासळी जेवढी पुन्हा वाढेल तेवढीच वापरायची, हे तत्त्व राज्यघटनेत आलं. आज ब्रिस्टल बेच्या नद्यांकाठी मचाणं आहेत. माणसं त्यांवर उभी राहून दर तासाला दहा मिनिटं वर जाणारे मासे मोजतात. वंशापुरते मासे वर जाताहेत अशी खात्री असेल तर मासेमारी उघडते. नसेल तर होड्या थांबतात. आधी नदीचा वाटा, मग ताटाचा! २०२२ साली तिथे सुमारे ७ कोटी ९० लाख सॉकाय परतले. सुमारे ६ कोटी पकडूनही नद्या भरलेल्या राहिल्या.

आणखी एक गोष्ट आहे. त्याच नद्यांच्या उगमाशी तांब्या-सोन्याची प्रचंड खाण काढण्याचा बेत होता. तिथले मूळ रहिवासी आणि कोळी मिळून वर्षानुवर्षं विरोधात उभे राहिले. अखेर २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने त्या खाणीची वाट अडवली. ज्या नदीवर हजारो चुली पेटतात, तिच्या राखणीला हजारो माणसं येतात. आपण दिलेला जास्तीचा पैसा काही अंशी या राखणदारांना जातो.

पण ‘रानचा’ म्हटलं की डोळे मिटून घ्यावा, असंही नाही. सिएटलजवळच्या खाडीतला चिनूक १९९९ पासून संकटग्रस्तांच्या यादीत आहे, आणि तिथले ओर्का देवमासे मुख्यतः चिनूकवरच जगतात. युकॉन नदीचा चिनूक इतका आटला, की २०२४ मध्ये अलास्का आणि कॅनडा यांनी त्याची मासेमारी सात वर्षं थांबवायचं ठरवलं. उपास पडले ते नदीकाठच्या आदिवासींना, ज्यांचा त्यात दोष सर्वांत कमी.

तेव्हा परदेशी राहणाऱ्या आपल्या लेकीसुनांसाठी चार गोष्टी. जात आणि गाव विचारावं. अलास्काचा सॉकाय किंवा पिंक सहसा निर्धास्त. ताजा रानचा सॅमन मुख्यतः उन्हाळ्यातला. एरवी गोठवलेला घ्यावा, त्यात कमीपणा नाही. डब्यातला पिंक सॅमन बहुधा रानचाच असतो आणि खिशाला परवडतो. कांदा, मिरची, कोथिंबीर घालून त्याच्या कटलेटी उत्तम होतात. आणि पाळलेलाच घ्यायचा झाला, तर तो कुठे आणि कसा वाढवला हे दुकानदाराला विचारावं. उत्तर आलं नाही तरी प्रश्न त्याच्या कानी पडतो.

पुतणीने यातून आपला हिशेब बसवला. आठवड्याला दोनदा येणारा सॅमन आता एकदाच येतो, पण रानचा येतो. मधल्या वारी डबा उघडतो. खर्च होता तेवढाच राहिला.

इथे आपण तरी वेगळं काय करायचं? महाराष्ट्रात पावसाळ्यात जून-जुलैला मासेमारी बंद असते, आणि २०२३ मध्ये सरकारने ५४ जातींच्या मासळीचं किमान आकारमानही ठरवून दिलं. पण कायदा धक्क्यावर जेवढा चालतो, त्याहून अधिक तो आपल्या पिशवीत चालतो. तळहातात मावणारं पापलेट स्वस्त मिळतं म्हणून उचललं, तर त्याने एकदाही अंडी घातलेली नसतात. कोळणीला सरळ सांगावं, “बाय, लहान नको, मोठं असेल तर दे.” आज एका घराने सांगितलं, उद्या दहांनी सांगितलं, की जाळ्याची भोकंही हळूहळू मोठी होतील.