रोशाचे अत्तर, गुलाबाचे नाव

घरच्या घरी नैसर्गिक अत्तर करू पाहणारा नवशिका बहुधा गुलाबापासून आरंभ करतो आणि तेथेच फसतो. एक किलो गुलाबतेलास तीन ते पाच हजार किलो फुले लागतात. टोपलीभर पाकळ्या पातेल्यात उकळून हाती येते ते सुगंधी पाणी. यावलच्या हौशी माणसाने त्यापेक्षा उत्तरेस सातपुड्याकडे पाहावे. तेथील रोशा किंवा तिखाडी या गवताच्या शंभर किलो ओल्या भाऱ्यातून सुमारे अर्धा किलो तेल निघते, आणि त्यातील मुख्य द्रव्य, जिरॅनिऑल, हे गुलाबाच्या सुवासातही असते.

खानदेशास हे गवत नवे नाही. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये या धंद्याचे वर्णन आहे. पावसाळा सरता मुसलमान कारागीर भिल्लांकडून गवत विकत घेत आणि लाकूड-पाण्याची सोय पाहून ओढ्याकाठी भट्ट्या लावीत. ते तेल मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाई, ‘तुर्की जिरॅनियम’ म्हणून विकले जाई आणि बल्गेरियाच्या गुलाबअत्तरात बेमालूम मिसळले जाई. गवत कापणाऱ्याच्या पदरी भाऱ्याची मजुरी पडली. कीर्ती मात्र ज्या गुलाबाने मिळवली, त्याने सातपुडा पाहिलाही नव्हता! हातकागद व निळीसाठी एकेकाळी नावाजलेल्या आणि ते दोन्ही धंदे गमावून बसलेल्या यावलला या व्यवहाराचे मर्म निराळे सांगावयास नको.

कृती अवघड नाही. फुलोऱ्यावर आलेले गवत कापून थोडे सुकवावे, तुकडे करून पाण्यासह मोठ्या पातेल्यात घालावे, मध्ये तिवईवर वाटी ठेवावी, झाकण उलटे बसवून त्यावर गार पाणी ओतावे आणि ते तापताच बदलत राहावे. मंद आचेवर वाटीत पाणी साचते व त्यावर तेलाचा पातळ तवंग धरतो. दोन किलो गवतातून फार तर दहा ग्रॅम तेल मिळावे. घरगुती भांड्यात त्याहून कमीच. ते निव्वळ अंगास लावू नये. चमचाभर तिळाच्या तेलात दोन-तीन थेंब पुरेत. मोगऱ्याला मात्र आच सोसत नाही. त्याची ताजी फुले तिळांच्या थरांत रोज बदलत ठेवून मग तीळ गाळण्याची फुलेलाची जुनी रीत घाण्याच्या या मुलखास सहज जमण्याजोगी आहे. मद्यार्काचा मार्ग नवशिक्याने सोडलेलाच बरा. १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे तो परवान्यावाचून मोकळा नाही.

गवत आणण्यासाठी यावल अभयारण्यात विळा घेऊन जाण्याचे कारण नाही. रोशा हलक्या जमिनीत, बांधावर, शाळेच्या आवारातही रुजतो, आणि ऊर्ध्वपातनाचा पाठ फळ्यावर काढणाऱ्या विज्ञानशिक्षकास याहून स्वस्त प्रयोग सापडणे कठीण. विक्रीचा विचार करणाऱ्यास १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील परवाना लागतो. तो मिळवून कोणी कुपी बाजारात आणलीच, तर तिच्या चिठ्ठीवर ‘गुलाब’ लिहिण्याचा मोह आवरावा आणि ‘रोशा, सातपुडा’ असे स्वच्छ देवनागरीत छापावे.