पंधरावे वर्ष

मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरी वास्तव्यास असताना शेजारच्या कन्येच्या पंधराव्या वाढदिवसाचे निमंत्रण आम्हां उभयतांस आले. तेथे या सोहळ्यास 'किन्सेआन्येरा' म्हणतात. प्रथम चर्चमध्ये कृतज्ञतेची प्रार्थना झाली. सारे गुडघे टेकून बसले तेव्हा आम्ही शेवटच्या बाकापाशी हात जोडून उभे राहिलो. कोणी वळूनही पाहिले नाही. नंतर सभागृहात पित्याने मुलीच्या पायांतील सपाट पादत्राणे काढून उंच टाचांची पादत्राणे स्वहस्ते घातली आणि बापलेकींनी वॉल्ट्झ नृत्य केले. बालपणाची अखेरची म्हणून एक बाहुली तिच्या हाती देण्यात आली. ती तिने धाकट्या बहिणीस दिली.

खर्चाची रीत आम्हांस विशेष भावली. आप्तेष्ट 'पाद्रिनो' होऊन एकेक भार उचलतात: कोणी मुकुट देतो, कोणी वाद्यवृंद. आमच्या वाट्यास केक आला. परक्या मुलखातील नवख्या कुटुंबास असा वाटा मिळणे हा मानच होता. तथापि कर्ज काढून सोहळा करणारी घरे तेथेही आहेत. त्याचे कौतुक आम्ही करणार नाही.

या प्रथेचे मूळही निष्पाप नव्हे. मुलगी उपवर झाली, हे समाजास कळविण्याचा तो एक प्रकार होता. आपल्याकडे न्हाण आलेल्या मुलीस मखरात बसवीत, त्याचा अर्थ याहून निराळा नव्हता. मेक्सिकोच्या संघीय दिवाणी संहितेनुसार पालकांच्या संमतीने चौदा वर्षांच्या मुलीचाही विवाह होऊ शके. अठरा वर्षांखालील विवाहांस तेथे २०१९ मध्ये पूर्ण मनाई झाली. सोहळा मात्र टिकला. त्या सायंकाळी मुलीच्या विवाहाविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. पुढे काय शिकणार, हेच जो तो विचारीत होता.

आम्हांस मात्र आमच्या वर्गातील एक मुलगी आठवत राहिली. नववीच्या उन्हाळी सुट्टीत ती वसतिगृहातून घरी गेली ती परतलीच नाही. जूनमध्ये तिची पेटी न्यायला तिचे वडील एकटेच आले. तेव्हा कोणी त्यांस काही विचारले नाही, आम्हीही नाही.

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलांच्या विवाहाची घाई करू नका, असे बजावले होते. जुने संस्कार आपण सोडले, ते योग्यच केले. परंतु त्या रिकाम्या जागी आता मोठाले फलक, ध्वनिवर्धकांच्या भिंती आणि केक आले आहेत, आणि तेही बहुधा मुलग्यांच्या वाढदिवसांस. मुलीचे पंधरावे वर्ष मुकाट्याने सरते.

म्हणून आमची एक सूचना आहे. दहावीत पाऊल टाकणाऱ्या मुलींसाठी शाळेने वर्षातून एकदा, शक्यतो वर्षावासाच्या एखाद्या पौर्णिमेस, छोटा समारंभ करावा. त्रिसरण-पंचशील व्हावे, नंतर प्रत्येक मुलीने पुढे काय शिकायचे आहे ते सांगावे, आणि शिक्षण पुरे होईपर्यंत तिच्या विवाहाचा विषय काढणार नाही, असे तिच्या आईवडिलांनी सर्वांसमक्ष म्हणावे. खर्च माजी विद्यार्थ्यांनी वाटून घ्यावा: कोणी शब्दकोश द्यावा, कोणी कंपासपेटी, कोणी त्या दिवसाचे जेवण. पहिल्या वर्षीचे जेवण आम्हां उभयतांकडे राहील.