पाळत कोणावर?

13 डिसेंबर 2022 रोजी महिला व बालविकास खात्याने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांची माहिती गोळा करणारी समिती नेमली. पळून जाऊन केलेली, देवळात लावलेली लग्नेसुद्धा त्यात आली. मुलगी माहेरच्यांच्या संपर्कात आहे की नाही, हेही सरकार बघणार! दोनच दिवसांत ‘आंतरजातीय’ हा शब्द वगळला. कारण सांगितले ते मुलींच्या सुरक्षिततेचे.

मी काम करते नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये. इथे जानेवारी 2013 मध्ये सोनईत तीन दलित तरुणांना प्रेमप्रकरणावरून ठार मारले. एप्रिल 2014 मध्ये जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या दलित मुलाला मारून झाडाला लटकवले. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो, एवढाच संशय. सोनई प्रकरणी 2018 साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. खर्ड्याचे साक्षीदार मात्र उलटले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये आरोपी सुटले. ॲट्रॉसिटीचा कायदा होताच की! पण त्या साक्षीदारांच्या पाठीशी गावात कोण उभे होते?

सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली सांगितले होते, जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष काढा, अशा जोडप्यांना निवारा द्या. ते काम रेंगाळले. माहिती गोळा करणारी समिती मात्र झटपट निघाली.

आमच्याकडे येणाऱ्या मुलींचा अनुभव एकच. बापाने ‘मुलगी हरवली’ म्हणून तक्रार दिली की ठाण्यातून लगेच फोन सुरू होतात. मुलगी सज्ञान आहे, जिवाला धोका आहे असा अर्ज तिने स्वतः दिला, तर उत्तर मिळते, “साहेब नाहीत, उद्या या.”