पुस्तक मिटून म्हणा

जर्मनीत पाच-सहा वर्षं काढलेल्या आपल्या माणसांना 'जर्मन कुठवर आलं?' असं विचारलं, की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: 'समजतं बरंच, पण बोलायला गेलं की ऐनवेळी शब्द आठवत नाहीत.' मग वयाला आणि नोकरीला बोल लावून आपण मोकळे होतो, किंवा आणखी एखादं अ‍ॅप उतरवून घेतो. माझ्या मते दुखणं वेगळंच आहे. आपण शब्द डोक्यात भरत राहतो, ते बाहेर काढायचा सराव मात्र करतच नाही.

हे तपासून झालेलं आहे. २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात कार्पिकी आणि रोडिगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कॉलेजातल्या मुलांना स्वाहिलीतले ४० शब्द इंग्रजी अर्थांसह शिकवले. एकदा आलेला शब्द काहींनी पुढे नुसता वाचला, तर काहींनी तो दर फेरीत पुन्हा आठवून सांगितला. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा आठवून सांगणाऱ्यांना सुमारे ८० टक्के शब्द आले, नुसतं वाचणाऱ्यांना साधारण ३५. गंमत अशी, की आठवड्यानंतर आपल्याला किती शब्द येतील याचा अंदाज सगळ्या गटांनी जवळपास सारखाच दिला होता: निम्मे. म्हणजे आपला अभ्यास फुकट चाललाय हे करणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

खरं तर हे आपल्याला अमेरिकेकडून शिकायला नको होतं. पाढे झाले म्हटल्यावर 'आता पुस्तक मिटून म्हण' असं घराघरांत म्हणत. घोकंपट्टीची आपण पुढे इतकी टिंगल केली, की तिच्यातला हा कामाचा भागही टाकून दिला. पुस्तक उघडं ठेवून घोकत बसणं वेगळं आणि मिटून म्हणून दाखवणं वेगळं.

ज्या देशात आपण राहतो तिथेच याची सोपी सोय सापडते. हेर्मान एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञानं निरर्थक अक्षरजोड्या स्वतःच पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ साली पुस्तक लिहिलं. पहिल्या काही तासांतच बरंचसं निसटतं, पुढे गळती मंदावते, असं त्याला आढळलं. १९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनर या पत्रकारानं लोकांपुढे पाच कप्प्यांची पेटी ठेवली. शब्द आठवला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकला तर परत पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज उघडायचा, पुढचे अधिकाधिक अंतरानं. बुटांचा रिकामा खोका यासाठी पुरतो. एक पथ्य मात्र पाळायचं: चिठ्ठीच्या दर्शनी बाजूला मराठी आणि मागे जर्मन. उलटं केलं तर आपण ओळखायला शिकतो, बोलायला नाही.

मागे काय लिहायचं, हेही तितकंच महत्त्वाचं. आपण जर्मन शिकतो इंग्रजीच्या खांद्यावर बसून, त्यामुळे 'डेअर, डी, डास' हा ताप वाटतो. अहो, तीन लिंगं तर आपल्या घरचीच! टेबल 'ते' की 'तो', असा विचार करत कोणी मराठी पोर बसत नाही, कारण तिथे शब्द लिंगासकटच कानावर पडतो. जर्मनची लिंगं आपल्याशी जुळणार नाहीत हे खरं (आपलं टेबल 'ते', यांचं 'डेअर', आपली खिडकी 'ती', यांची 'डास'), पण सवय तीच लागते. तेव्हा नुसता 'टिश' लिहू नका, 'डेअर टिश' लिहा. क्रियापद तर एकटं लिहूच नये. 'वार्टन' लिहून काही होत नाही, 'इष वार्टे आउफ डेन बुस' असं अख्खं वाक्य लिहावं.

आणि शब्द कुठले? गोएथे इन्स्टिट्यूटची बी-वनची यादी परीक्षेसाठी चांगली आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण ज्याचं मूल किटात जातं त्याला 'आइनगेव्योनुंग' आणि 'माट्शहोझे' पहिल्या महिन्यात येतात आणि जन्मात विसरत नाहीत, कारण उद्या सकाळी ते लागणार असतात. ज्याची पाठ दुखते त्यानं डॉक्टरकडे जायच्या आदल्या रात्री पाठीचे शब्द काढावेत, ज्याच्या घराचं 'नेबेनकोस्टन'चं बिल आलंय त्यानं त्या बिलातले. पाठ्यपुस्तकातलं सगळ्या फळांचं एक पान एका बैठकीत करणं मला मुळीच पटत नाही. एकसारखे शब्द एकाच दिवशी घेतले की ते एकमेकांत अडकतात. 'आनमेल्डन', 'आबमेल्डन', 'उममेल्डन' एकत्र पाठ केलेल्यांना विचारा.

'मुलं बघा, नुसतं ऐकून शिकतात,' असं कुणी हमखास म्हणतं. मुलं दिवसभर किटात जर्मनमध्ये भांडतात, मागतात, रडतात. आपण दिवसभर इंग्रजीत मीटिंगा करतो, संध्याकाळी मराठीत जेवतो आणि रात्री दहा मिनिटं अ‍ॅपवर चार पर्यायांतला एक निवडतो. उत्तर समोर दिसत असताना त्यावर बोट ठेवणं म्हणजे आठवणं नव्हे. सलग किती दिवस अ‍ॅप उघडलं, याचं कौतुक आपण आता पुरे करू या.

यात आपल्या मंडळाचा हातभार लागू शकतो. मराठी मंडळात जर्मन कशाला, म्हणून काही ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडतील. पण वीस-तीस वर्षं इथे राहून पक्कं जर्मन कमावलेली माणसं आपल्याकडे आहेत ती हीच. नव्या सभासदांनी आपापल्या चिठ्ठ्या आणाव्यात, जुन्यांनी त्या हातात घेऊन मराठीत विचारावं आणि जर्मनमध्ये ऐकावं. कार्यकारिणीनं पुढच्या मासिक बैठकीत चहाआधीचा अर्धा तास यासाठी राखून ठेवावा, ही विनंती.