कौतुक धुऊन पाहावे



गेल्या रविवारी आमच्या घरात जपानवरून वाद झाला. धाकटी कन्या नववीत आहे. डोरेमॉनचे कार्टून बघत मोठी झाली, आता तिला जपानी भाषा शिकायची आहे. बदलापूरहून आलेला भाचा म्हणाला, "कार्टून बघून जपान कळतो काय? ही आवड नव्हे, खूळ आहे." ती म्हणाली, "दादा, मग खरी आवड कशाला म्हणतात ते तूच सांग." तो गप्प झाला आणि दोघेही माझ्याकडे बघू लागले.

हा वाद आमच्या खोलीपुरता नाही. २०१५ साली अमेरिकेत बोस्टनच्या कलासंग्रहालयात मोने या फ्रेंच चित्रकाराच्या एका चित्रापुढे प्रेक्षकांना जपानी किमोनो अंगावर घालून बघण्याची सोय केली होती. काही तरुणांनी निदर्शने केली. दुसऱ्यांची संस्कृती म्हणजे गंमतीचा पोशाख नव्हे, असे त्यांचे म्हणणे. त्यावर काही जपानी बायका स्वतः किमोनो घालून तेथे आल्या आणि घालू द्या म्हणाल्या! शेवटी संग्रहालयाने किमोनो नुसता हाताळून बघायला ठेवला. मग खरे कोण?

आपण उल्हासनगरची माणसे. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद साऱ्या मुंबईला ठाऊक आहे. त्यामुळे नुसते लेबल वाचून आपण भुलत नाही. कपडा एकदा धुवावा, मग रंग पक्का की कच्चा ते कळते. कौतुकाचेही तसेच आहे.

मी मुलांना म्हटले, जपान राहू द्या, आपल्यावरच परदेशी माणसांनी जीव लावला त्यांच्याकडे बघा. एलिनॉर झेलियट या अमेरिकन बाईंनी १९६९ साली डॉ. बाबासाहेब आणि महार चळवळ या विषयावर पीएच.डी. केली. त्या मिनेसोटात शिकवत राहिल्या, कायमच्या इकडे आल्या नाहीत. पण २०१६ साली वारल्या तोपर्यंत महाराष्ट्राशी नाते तोडले नाही. गेल ऑम्वेट त्याच मिनेसोटाच्या. त्या मात्र सांगली जिल्ह्यातील कासेगावच्या सूनबाई झाल्या, १९८३ साली भारताच्या नागरिक झाल्या आणि २०२१ साली कासेगावातच गेल्या. त्यांची काही मते चळवळीतल्या अनेकांना पटली नाहीत, तरी त्या तोंडावर वाद घालीत. एक तिकडे राहिली, एक इकडे आली. कोणाचे प्रेम खोटे म्हणाल? तेव्हा कुठे राहतो यावर खरेपणा ठरत नाही.

तिसरे उदाहरण माझ्या मनाला फार लागते. गी पॉटव्हॅँ नावाचे फ्रेंच गृहस्थ पुण्यात स्थायिक झाले. त्यांनी आणि हेमा राईरकर यांनी गरीब डोंगरी संघटनेच्या बायकांना सोबत घेऊन जात्यावरच्या ओव्या जमवल्या. हजाराहून अधिक गावे, तीन हजारांवर बायका आणि एक लाखाच्या वर ओव्या! माजलगावच्या भीमनगरातील बायकांच्या बाबासाहेबांवरील ओव्याही त्यात आहेत. मुख्य म्हणजे ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि गाव लिहून ठेवले. 'लोकगीत' म्हणून गाणे घेतले आणि बाईला विसरले, असे केले नाही. मला वाटते, कौतुक धुऊन पाहण्याचे पाणी हेच. वस्तूबरोबर माणूस हवा असेल तर रंग पक्का. माणूस नको, नुसती वस्तू हवी, तर ती खरेदी झाली.

हे ऐकून भाच्याने लगेच परीक्षा घेतली, "मग सांग, डोरेमॉन कोणी काढला?" कन्या पटकन म्हणाली, "हिरोशी फुजिमोतो. फुजिको एफ. फुजिओ नावाने काढायचे. १९६९ साली सुरू झाला." भाच्याचे तोंड बंद! मलाही अभिमान वाटला.

मग तिने सहज विचारले, "पप्पा, आजी जात्यावर काय म्हणायची?"

वाचकहो, मला उत्तर देता आले नाही. माझी आई पहाटे दळायची, त्या आवाजात मी झोपायचो. पुढे मी बी.कॉम. झालो, नोकरीला लागलो, घरात टेपरेकॉर्डर आला. त्यावर भीमगीतांच्या कॅसेट वाजवल्या, पण आईपुढे तो एकदाही धरला नाही. आई जाऊन बारा वर्षे झाली. एक ओवी आठवते, तीही अर्धी. फ्रान्सच्या माणसाला जे मोलाचे वाटले, ते मला पीठ पाडण्याचा आवाज वाटला. अडाणी बाईच्या गाण्यात काय ठेवलेय, असे तेव्हा मनात होते, हे आज कबूल केले पाहिजे.

गावी माझी थोरली आत्या आहे. वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येते, पण आवाज खणखणीत आहे. या शनिवारी कन्येला घेऊन जातो आहे. मोबाईलवर आवाज भरून घेऊ, वहीत ओवी लिहू, वर आत्याचे पूर्ण नाव आणि गाव लिहू.

आपल्या घरातही अशी एखादी आजी, मावशी, आत्या असेल. सुट्टीच्या दिवशी तिच्याजवळ बसा. मुलांना जपानी जरूर शिकू द्या, पण आधी तिचे नाव वहीत लिहायला लावा. जयभीम!