अबोला धरून केलेला निरोपाचा अल्बम

तुमच्या घरात असा एखादा टी-शर्ट नक्की असेल. काळा रंग, छातीवर पांढरं गोल चिन्ह, मधोमध पंख पसरलेला गरुड आणि वर मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'रामोन्स'. माझ्या धाकट्या भावाकडे होता. आई त्याला "तुझा तो पोलिसांचा शर्ट" म्हणायची. एकदा मी भावाला विचारलं, "हे रामोन्स कोण रे?" तर म्हणाला, "ब्रँड आहे ना ताई!"

ब्रँड नाही, बँड!

तर मंडळी, या सदरात आपण दर वेळी एक जुनी, बाजूला पडलेली गोष्ट पुन्हा हातात घेतो. आज या बँडचा शेवटचा अल्बम घेऊ या. नाव 'अडिओस अमिगोस', म्हणजे स्पॅनिशमध्ये 'येतो मित्रांनो'. साल १९९५. टी-शर्ट जगभर पोचला, पण हा अल्बम फार थोड्यांनी नीट ऐकला. मीसुद्धा तो गेल्या वर्षीच पहिल्यांदा ऐकला, तोही एका घरगुती कारणाने. ते कारण शेवटी सांगते.

एकच आडनाव, पण भाऊ नाहीत

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात फॉरेस्ट हिल्स नावाची वस्ती आहे. तिथल्या चार मुलांनी १९७४ मध्ये बँड काढला. जोई गायचा, जॉनी गिटार वाजवायचा, डी डी बेस आणि टॉमी ड्रम. चौघांनीही स्वतःला 'रामोन' हे आडनाव लावून घेतलं. बीटल्सचा पॉल मॅकार्टनी एकेकाळी 'पॉल रामोन' असं टोपणनाव वापरायचा, तिथून ते आलं. रक्ताचं नातं कुणाचंच कुणाशी नव्हतं.

त्यांचा पहिला अल्बम १९७६ मध्ये आला. चौदा गाणी आणि एकूण वेळ अर्ध्या तासाहून कमी! खर्च साधारण ६,४०० डॉलर. त्या काळात मोठे रॉक बँड दहा-दहा मिनिटांची गाणी करत होते. यांनी दोन मिनिटांत गाणं संपवलं. तीन-चार कॉर्ड, तुफान वेग, गिटारची लांबलचक आलापी नाही. 'पंक' म्हणतात ते हेच. वाजवायला फार शिकावं लागत नाही, काहीतरी सांगायचं असलं की पुरे. हे ऐकून इंग्लंड-अमेरिकेतल्या कितीतरी मुलांनी गिटार हातात घेतली.

पण नाव झालं तसा पैसा आला नाही. अमेरिकेत त्यांचं एकही गाणं पहिल्या चाळीसात पोचलं नाही. म्हणून ते गावोगाव कार्यक्रम करत राहिले. बावीस वर्षांत तब्बल २,२६३ कार्यक्रम, बहुतेक प्रवास एका व्हॅनमधून.

आणि त्या व्हॅनमध्ये अबोला होता. जोई आणि जॉनी यांचं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बिनसलं. जोईची मैत्रीण त्याला सोडून जॉनीकडे गेली आणि पुढे जॉनीशीच तिचं लग्न झालं. शिवाय दोघांचे स्वभाव वेगळे, राजकीय मतं उलटी. त्यानंतर वर्षानुवर्षं दोघं रोज एका मंचावर उभे राहिले, पण एकमेकांशी जवळजवळ बोलले नाहीत. निरोप तिसऱ्यामार्फत जायचे.

दुकान बंद करण्याआधीचा सेल?

'अडिओस अमिगोस' हा त्यांचा चौदावा स्टुडिओ अल्बम, जुलै १९९५ मधला. तोवर मूळ चौघांपैकी जोई आणि जॉनी हे दोघंच उरले होते. टॉमीच्या जागी मार्की ड्रमवर होता. डी डी १९८९ मध्ये बाहेर पडला होता आणि त्याच्या जागी सी. जे. नावाचा तरुण आला होता, जो आधी या बँडचा चाहता होता.

अल्बमच्या मुखपृष्ठावर मेक्सिकन टोप्या घातलेले दोन डायनासोर आहेत. "आम्ही आता नामशेष होणारे प्राणी आहोत" हे त्यांनी स्वतःच हसत सांगून टाकलं.

लोकांनी ते फारच मनावर घेतलं. एक वर्ष आधी 'ग्रीन डे' या तरुण बँडचा 'डूकी' आला होता आणि धडाधड खपत होता. ती पोरं रामोन्स ऐकतच मोठी झालेली. शिष्यांची दुकानं जोरात चालू असताना गुरूंचं दुकान आवरत होतं. त्यात आधीचा अल्बम निव्वळ इतरांच्या जुन्या गाण्यांचा होता. त्यामुळे हा नवा अल्बमही 'दुकान बंद करण्याआधीचा सेल' असावा, असा अनेकांचा समज झाला. आजही या बँडबद्दल लिहिताना पहिल्या चार अल्बमचं भरभरून कौतुक होतं आणि शेवटच्याला एखादी ओळ मिळते.

मला हे चुकीचं वाटतं. का, ते तीन गाण्यांतून सांगते.

पहिलं गाणं: मोठं व्हायचं नाही

अल्बम उघडतो 'आय डोंट वॉन्ट टू ग्रो अप' या गाण्याने. हे मूळ टॉम वेट्सचं, १९९२ मधलं. वेट्सच्या खरखरीत आवाजात ते एखाद्या थकलेल्या माणसाची कुरकुर वाटतं. रामोन्सनी तेच पळवलं. मोठं व्हायचं नाही, असं पंधरा वर्षांचा मुलगा म्हणाला तर आपण हसतो. इथे म्हणणारा जोई चव्वेचाळीस वर्षांचा आहे. त्याच सुमारास त्याला लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग, असल्याचं निदान झालं होतं. चाहत्यांना तेव्हा याची कल्पना नव्हती. हे कळल्यावर गाणं पुन्हा ऐका. तोच वेग, तीच मस्ती, पण आपलं ऐकणं बदलतं.

शेवटचं गाणं: गेलेल्याची खुर्ची

डी डी सहा वर्षांपूर्वी बँड सोडून गेला होता. तरीही अल्बमच्या तेरा गाण्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या लेखनात त्याचा हात आहे. त्याची काही गाणी तर त्याने आधी स्वतःच्या वेगळ्या अल्बमांवर केली होती. 'द क्रशर' हे कुस्तीगीराचं गाणं त्याच्या रॅपच्या अल्बमवरचं! रॅपचा तो प्रयोग फसला होता. बँडने ते गाणं उचललं, आपल्या पद्धतीने वाजवलं आणि गायला दिलं सी. जे.ला, म्हणजे डी डीच्याच जागी आलेल्या माणसाला.

शेवटचं गाणं 'बॉर्न टू डाय इन बर्लिन'. डी डीचं बालपण जर्मनीत गेलं होतं. आई जर्मन, वडील अमेरिकन सैनिक. या गाण्यात अचानक त्याचा स्वतःचा आवाज जर्मन भाषेत ऐकू येतो, दूरवरून फोनवर बोलल्यासारखा. घर सोडून गेलेल्या माणसाचा सणाच्या दिवशी फोन यावा, तसं वाटतं. गाणं उदास आहे, व्यसनांची सावली त्यावर आहे. लहान मुलं सोबत असतील तर हे एक गाणं नंतर ऐका.

मधलं गाणं: धीर देणारं

'लाइफ्स अ गॅस' जोईने लिहिलं आहे. शब्द अगदी मोजके, तेच ते पुन्हा पुन्हा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बहुधा याला आता सुचत नसावं. दुसऱ्यांदा लक्षात आलं की आजारी माणूस भेटायला आलेल्यांनाच समजावतो ना, "काही नाही हो, सगळं छान आहे", तसं हे आहे. ते एकदा बोलून कुणाचं समाधान होत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा बोलावं लागतं. आणि त्याच्यामागे गिटार कुणाची? जॉनीची. ज्याच्याशी बोलणं नाही, तो आपल्या गाण्याला एकही ठोका न चुकवता साथ देतो आहे.

जोईचंच 'शी टॉक्स टू रेनबोज' हे गाणं पुढे रॉनी स्पेक्टर या गायिकेने गायलं. जोई लहानपणापासून तिचा भक्त. आपल्या आवडत्या गायिकेने आपलं गाणं गावं, याहून मोठी पावती कोणती?

सगळंच उत्तम आहे असं मी म्हणणार नाही. दोन-तीन गाणी भरतीची आहेत, आणि जोईचा आवाज पूर्वीइतका लवचिक राहिलेला नाही. पण तेरा गाणी पस्तीस मिनिटांच्या आत संपतात. कंटाळा यायला वेळच नाही.

नंतर काय झालं?

मार्च १९९६ मध्ये अर्जेंटिनात ब्यूनस आयर्सच्या रिव्हर प्लेट या प्रचंड फुटबॉल मैदानात ते वाजवले. मायदेशात न मिळालेलं प्रेम त्यांना तिथे मिळालं. ६ ऑगस्ट १९९६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. जोई २००१ मध्ये गेला, डी डी २००२ मध्ये, जॉनी २००४ मध्ये. १९७६ च्या त्या पहिल्या अल्बमला अमेरिकेत पाच लाख प्रतींचा 'गोल्ड' मान मिळाला तो २०१४ साली, अडतीस वर्षांनी! तेव्हा मूळ चौघांपैकी फक्त टॉमी हयात होता. त्याच वर्षी जुलैमध्ये तोही गेला.

आता ते घरगुती कारण

इंदूरला आमचं कापडाचं दुकान. बाबा आणि मोठे काका मिळून चालवायचे. घराच्या वाटणीवरून दोघांत अबोला सुरू झाला, तो नऊ वर्षं टिकला. तरी रोज सकाळी साडेनऊला दोघं मिळून शटर उचलायचे. एक बाजू बाबा, एक बाजू काका. बोलायचं असलं की, "मुनीमजी, त्यांना सांगा, सुरतचा माल आलाय." आम्हा मुलांना ते बघून हसू यायचं.

गेल्या वर्षी काकांनी दुकानातून निवृत्ती घेतली. शेवटच्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा बाबांच्या गादीजवळ ठेवला आणि म्हणाले, "मुनीमजी, त्यांना सांगा, मागच्या कपाटाचं कुलूप तेल मागतंय." आणि गेले. बाबा बराच वेळ तो जुडगा हातात घेऊन बसले होते.

त्याच रात्री भावाचा टी-शर्ट घडी घालताना मी सहज त्या बँडबद्दल वाचायला घेतलं आणि या अल्बमपर्यंत पोचले. अबोल्यात काढलेल्या वर्षांकडे आपण वाया गेलेली वर्षं म्हणून बघतो. हा अल्बम ऐकल्यावर मला वाटलं, त्या वर्षांतही दोघं एकच काम नीट करत होते. तेही एक प्रकारचं बोलणंच. पण तेवढ्यावर थांबू नये, हेही खरं. जोई आणि जॉनीला पुढे वेळ मिळाला नाही.

बाबांनी दुसऱ्या दिवशी कुलपाला तेल घातलं. मग महिन्याभराने, दिवाळीत, स्वतः फोन लावला. बोलणं कुलपावरूनच सुरू झालं.

तुम्ही या रविवारी पस्तीस मिनिटं काढा. हेडफोन नको, स्पीकरवर लावा, घरातल्या मोठ्यांनाही ऐकू द्या. "बंद कर तो गोंधळ" असं कुणी म्हणालंच, तर त्यांना टी-शर्टवरच्या त्या चौघांची गोष्ट सांगा. आणि तुमच्या घरातही असा एखादा मुनीमजी निरोप पोचवत असेल, तर त्याला एक दिवस सुट्टी देऊन बघा.

पुढच्या वेळी भेटू, अशाच एका जुन्या गोष्टीसह!