"नंबर वन व्हा" म्हणणाऱ्यांनी फ्रान्सचा हा सीझन बघावा



या आठवड्याच्या व्हिडिओत फ्रान्सच्या हँडबॉल लीगचा विषय मी दोन मिनिटांत उरकला, कारण व्हिडिओ फार लांबत होता. इथे तो नीट मांडतो. हँडबॉलचा आणि आपल्या धंद्याचा काय संबंध, असं वाटत असेल तर थोडा धीर धरा. "नंबर वन व्हा" हे वाक्य आम्ही ट्रेनर लोक तुम्हाला रोज विकतो. माझं स्पष्ट मत आहे की नव्या उद्योजकाला सगळ्यात महाग पडणारं वाक्य तेच आहे. आणि 2017-18 चा फ्रेंच हँडबॉलचा सीझन बघितला की ते का महाग पडतं, हे आकड्यांत दिसतं.

खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी पटकन सांगतो. गोलकीपर धरून सात जणांचा संघ, तीस-तीस मिनिटांचे दोन हाफ, आणि एकेक संघ सामन्यात सहज पंचवीस-तीस गोल करतो. फ्रान्सच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये त्या वर्षी 14 संघ होते. प्रत्येकाशी एकदा घरी, एकदा बाहेर, म्हणजे 26 सामने. जिंकलं तर 2 गुण, बरोबरी झाली तर 1. शेवटी फायनल वगैरे काही नाही. 26 सामन्यांनंतर ज्याच्या खात्यात जास्त गुण, तो चॅम्पियन.

आता या बाजारातलं सगळ्यात मोठं दुकान बघा. पॅरिसचा संघ 2012 मध्ये कतारच्या गुंतवणूकदारांनी घेतला, तेच ज्यांच्याकडे पीएसजीचा फुटबॉल संघ आहे. पैसा किती असेल विचारू नका. 2017-18 मध्ये त्यांच्याकडे निकोला काराबातिच, मिकेल हॅन्सन, तिएरी ओमेये, उवे गेन्सहाइमर, सँडर सागोसेन असे एकाहून एक खेळाडू होते. आपल्या भाषेत सांगायचं तर शहरातले सगळे नावाजलेले कारागीर एकाच दुकानात. एक जण आजारी पडला तरी बाकावर बसलेला दुसरा तितकाच तगडा.

अशा दुकानाशी 26 सामने लढायचे म्हणजे काय होतं? 2013 ते 2024 या बारा वर्षांत पॅरिसने अकरा वेळा लीग जिंकली. मध्ये फक्त एकदा, 2014 मध्ये, उत्तरेकडच्या डंकर्क नावाच्या बंदराच्या गावाने त्यांना मागे टाकलं. मोटिव्हेशनल स्पीकर तुम्हाला फक्त डंकर्कची गोष्ट सांगतील. उरलेली अकरा वर्षं सांगणार नाहीत.

2017-18 ची लीगही अर्थातच पॅरिसने जिंकली. दुसरा आला माँपेलिए, तिसरा नांत.

पण फ्रान्सची लीग चालू असतानाच युरोपातल्या मोठ्या क्लबांची चॅम्पियन्स लीगही चालू असते, आणि तिथे आत जायचं तिकीट असतं आधीच्या सीझनमधलं आपल्या देशातलं स्थान. पहिलाच नंबर पाहिजे असं नाही. वरच्या दोन-तीन जागांवर असलात तरी दार उघडतं. 2018 च्या मे महिन्यात जर्मनीत कोलोनला शेवटचे चार संघ जमले. त्यातले तीन फ्रान्सचे होते: पॅरिस, माँपेलिए आणि नांत. चौथा होता मॅसेडोनियाचा वार्दार, म्हणजे आदल्या वर्षीचा विजेता, ज्याने 2017 च्या फायनलमध्ये पॅरिसलाच 24-23 ने हरवलं होतं.

सेमीफायनलमध्ये नांतने पॅरिसला 32-28 असं घरी पाठवलं. माँपेलिएने वार्दारला एका गोलने, 28-27, हरवलं. आणि 27 मे 2018 ला फायनल झाली ती फ्रान्सच्या दोन नंबरच्या आणि तीन नंबरच्या संघात. माँपेलिए 32-27 ने जिंकलं. स्वतःच्या देशात दुसरा आलेला संघ युरोपात पहिला आला!

यात नशीब नव्हतं का? होतं. एका गोलचा फरक हा इकडचा तिकडे होऊ शकतो. पण त्याआधीच्या फेऱ्यांत याच माँपेलिएने बार्सिलोना आणि फ्लेन्सबर्ग बाहेर काढले होते. नशीब सलग इतक्या वेळा साथ देत नाही. दोन तासांच्या, दोन दिवसांच्या लढाईत मोठ्याची जाड तिजोरी कमी कामाला येते. 26 सामन्यांच्या रखडपट्टीत ती पूर्ण कामाला येते. एवढा हा हिशोब आहे.

आता तुमच्याकडे येतो. आमच्या प्रत्येक बॅचमध्ये असे एक-दोन जण असतातच. फरसाणाचं छोटं दुकान, महिन्याला बरं सुटतंय. मग बायपासला कुणीतरी चकाचक शोरूम टाकतो. आपल्या भावाची झोप उडते. त्याच्याकडे एसी आहे म्हणून इथे एसी, त्याची काचेची काउंटर म्हणून इथे काचेची काउंटर, तो 20 टक्के सूट देतो म्हणून इथेही सूट. कर्ज निघतं. ईएमआय सुरू होतो. समोरचा तोटा सोसून दोन वर्षं काढू शकतो, तुम्ही दोन महिने काढू शकत नाही. हा नंबर वनचा नाद घराचं तारण ठेवायला लावतो, म्हणून मला या वाक्याचा राग आहे.

"म्हणजे सर, ध्येय लहान ठेवायचं?" नाही हो. माँपेलिए काय लहान ध्येयाचा संघ होता का? 1995 ते 2012 या काळात त्यांनी 14 वेळा फ्रान्सची लीग जिंकली होती. नंबर वनची चव त्यांच्याइतकी कुणालाच माहीत नाही. पण बाजारात कतारचा पैसा आल्यावर पगाराला पगार लावणं त्यांना झेपणारं नव्हतं. त्यांच्याकडे जे होतं ते असं: 1994 पासून एकच कोच, पात्रिस कानाये. कॅप्टन मिकाएल गिगू, 1999 पासून त्याच क्लबमध्ये. 2003 मध्ये माँपेलिएने पहिल्यांदा युरोप जिंकला तेव्हाही हे दोघे होते आणि पंधरा वर्षांनी दुसऱ्यांदा जिंकला तेव्हाही होते. गंमत म्हणजे पॅरिसचे काराबातिच आणि ओमेये हेही 2003 च्या त्याच माँपेलिए संघातले. मोठ्या दुकानातले दोन मुख्य कारागीर या छोट्या दुकानातूनच शिकून गेलेले!

नांतचा रस्ता वेगळा होता, आणि खरं सांगू, मला तो जास्त आवडतो. त्यांनी किरिल लाझारोवला बार्सिलोनाहून आणलं तेव्हा तो 37 वर्षांचा होता. डॉमिनिक क्लाइन कीलहून आला होता, आणि त्या सीझननंतर तो निवृत्तच झाला. जी माणसं मोठ्या दुकानांना "आता वय झालं" वाटतात, त्यांचा अनुभव नांतने घेतला. तुमच्या गावात एखाद्या कारखान्यातून रिटायर झालेला स्टोअरकीपर किंवा फोरमन घरी बसून आहे का बघा. चार तास तो तुमच्याकडे बसला तर काय फरक पडेल याचा विचार करा.

आणि एक गोष्ट लीगच्या गुणांची. पॅरिसला हरवलं तर 2 गुण. तळाच्या संघाला, बुधवारी संध्याकाळी, लांबच्या गावी जाऊन हरवलं तरी 2 च गुण. पॅरिसशी वर्षात दोनच सामने असतात, बाकीचे 24 इतरांशी. दुसरा नंबर त्या 24 मध्ये मिळतो. तुमचा 24 म्हणजे रोजचं पाव किलो शेव नेणारं गिऱ्हाईक, वेळेवर दिलेली डिलिव्हरी, वसूल झालेली उधारी. बायपासच्या शोरूमकडे बघत बसलात की नुकसान तिथे होतं.

दुसऱ्या नंबरला दार उघडतं म्हणालो, ते धंद्यात कसं? कुठल्याही कंपनीच्या परचेसवाल्याला विचारा. एकाच सप्लायरवर राहायला तो घाबरतो. त्याला यादीत दुसरं नाव हवंच असतं, जे रेटमध्ये थोडं वर असलं तरी चालेल पण माल अडकवणार नाही. पहिल्याची गाडी ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी फोन दुसऱ्याला जातो. कॅन्टीनचा फराळ असो, पॅकिंगचे खोके असोत, युनिफॉर्म असोत. त्या एका फोनसाठी यादीत टिकून राहणं ही तुमची चॅम्पियन्स लीग. त्या दिवशी मात्र कमी पडून चालत नाही.

उलटं उदाहरणही याच खेळात आहे. डेन्मार्कमध्ये 2010 साली एका दागिन्यांच्या व्यापाऱ्याने एजी कोपनहेगन नावाचा संघ उभा केला. स्टार घेतले, दोन्ही वर्षं डेन्मार्कची लीग जिंकली, एका सामन्याला 36 हजारांहून जास्त लोक जमवले. एकदा युरोपच्या शेवटच्या चारांतही पोहोचले. सगळीकडे नंबर वन. आणि 2012 च्या जुलैअखेर क्लब दिवाळखोरीत गेला, कारण सगळा डोलारा एका माणसाच्या खिशावर होता. वर पॅरिसच्या यादीत मिकेल हॅन्सनचं नाव आलंय ना, तो त्या बंद पडलेल्या क्लबमधूनच पॅरिसला आला.

माँपेलिएचं पुढे काय झालं तेही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल सरांनी गोड तेवढंच सांगितलं. फायनल जिंकल्यावर त्याच उन्हाळ्यात त्यांचा घरचा तयार केलेला पिव्हट लुडोविक फाब्रेगास बार्सिलोनाने उचलला. पुढच्या सीझनला युरोपात माँपेलिए पहिल्या गटातूनच बाहेर पडलं. घरच्या लीगमध्ये मात्र ते परत दुसरे आले, म्हणजे दार उघडंच राहिलं.

तुम्ही तयार केलेला माणूसही असाच एक दिवस दुसरीकडे जाणार आहे. त्याच्या जागी कोण, हे तो असतानाच कसं ठरवायचं, त्यावर पुढच्या मंगळवारचा व्हिडिओ आहे. येताना तुमच्या दुकानात फक्त एकाच माणसाला जमतात अशी कामं कागदावर लिहून आणा.